लपवलेलं पाऊल

शहापूरच्या आमच्या कॉलेजात गॅदरिंगचा नाच बसवायला मुरबाडहून एक बाई यायच्या. त्या स्टेप्स कधीच शिकवत नसत. फरशीवर बसून शेंगदाणे खात म्हणायच्या, "हां, मग?" आपण सुचेल तसं नाचायचं.

माझा नंबर आला तेव्हा मला काहीच सुचेना. आईबरोबरच्या भातकापणीनं पायांना भेगा पडलेल्या. त्या दिसू नयेत म्हणून मी एक पाऊल दुसऱ्यामागे लपवलं.

"हां! हेच ठेवू." बाईंनी सगळ्या मुलींकडून तेच करून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, ते नको ना."

"का गो? खोटं तर नाय ना?"

गॅदरिंगला नेमक्या त्याच पावलाला टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आईनं हळूच दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.