इंजिनापुढचा नारळ

सुकलालआप्पा सकाळी जिनात आला की आधी इंजिनाच्या पाया पडायचा. मग धोतराच्या सोग्याने त्याचं पितळ पुसायचा, आणि त्यानंतर माणसांवर खेकसायला सुरुवात करायचा. गावात वीज यायच्या आधीची गोष्ट. म्हसावदबाहेर कापसातून सरकी काढायचा एक कारखाना, म्हणजेच हे जिन, होता, तिथे तो फोरमन आणि मी वजनकाट्यावर. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, असं घरचे मला सांगतात. मला ते जमणार नाही.

त्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "मी शे ना," म्हणजे मी आहे ना. पट्टा तुटो, कुणी आजारी पडो, गोदामात पाणी शिरो, उत्तर हेच. एवढं म्हणून तो सावलीत तंबाखू मळत बसायचा. दसऱ्याला इंजिनापुढे नारळ फोडायचा, त्याला हार घालायचा. ज्या मशिनींवर बाया हातांनी कापूस लावायच्या, त्यांच्या वाट्याला लांबून उडवलेलं हळदकुंकू. "मालक हाऊ शे, बाकी सम्दा गडी," हे इंजिनाकडे बोट दाखवून सांगितलेलं त्याचं तत्त्वज्ञान. बाया त्या गड्यांतच मोडत.

एका वर्षी कापूस उदंड आला. शेठजींनी आणखी मशिनी घेतल्या. त्या ओढायला जोर हवा, म्हणून इंजिनाच्या वेगाला घातलेली मर्यादा वाढवायचं ठरलं. धुळ्याहून मिस्त्री आला, काम करून गेला. जाताना त्याने आप्पाला बजावलं की नव्या मशिनी या वेगासाठीच आहेत, पण जुन्या प्रत्येक मशिनीची पुली बदलून मोठी बसवा, नाहीतर त्या भलत्याच जोरात फिरतील. मोठ्या पुल्या बैलगाडीतून आल्यासुद्धा, आणि मागच्या खोपटात ठेवल्या गेल्या.

आप्पाने त्या तिथून बाहेर काढल्या नाहीत. एकेक मशीन खोलून पुन्हा जुळवायची म्हणजे दिवसभर हात काळे करायचे, आणि वर मिरवायला काही नाही. उलट जुन्या मशिनी आता कापूस भराभर गिळत होत्या, गाठी वाढत होत्या, आणि शेठजींसमोर हा छाती काढून उभा राहत होता. पुल्यांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आपसूक जमी जाई."

जेठीबाई डोंगरातल्या मोलगीकडून दर हंगामात खाली यायची. नवरा वारलेला, दोन लेकरांचं पोट तिच्या हातांवर. ती जुन्या मशिनीवर कापूस लावायची. एक दिवस काम सोडून ती आप्पासमोर येऊन उभी राहिली. घरी भिली बोलणारी बाई, मोडक्या अहिराणीत म्हणाली, "आप्पा, मशीन हात ओढस."

"मी शे ना. जाय, काम कर."

ती गेली. त्याच दुपारी मशिनीच्या रुळाने कापसाबरोबर तिचा उजवा हात आत ओढला. मी धावत जाऊन पट्टा उतरवला तोवर पंजा गेला होता. आप्पा सावलीतून पळत आला तो आधी इंजिनाकडे, त्याला काही झालं नाही ना ते बघायला. तेव्हा मला त्याची जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

बाई बेसावध होती, असं त्याने शेठजींना सांगितलं. पुल्या खोपटातच गंजत राहिल्या.

पुढच्या दसऱ्याला त्याने दोन नारळ आणले. दुसरा जेठीबाईच्या त्या मशिनीपुढे फोडला. मशीन कोपली होती, आता शांत होईल, असं सगळ्यांना ऐकवलं. पुली जुनीच होती. मग ताटात खोबऱ्याचे तुकडे घेऊन तो रांगेतून वाटत निघाला, नजर ताटातच. जेठीबाई आता सरकी झाडायच्या कामावर होती. तिने डावा हात पुढे केला.

आप्पा थबकला. डाव्या हातावर प्रसाद ठेवणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. वर न बघताच तो म्हणाला, "जेवाना हात पुढे कर."

जेठीबाईने पदराखालून तो हात काढला आणि त्याच्या ताटावर धरला.