सबनीसांचा मॅट, माझा ग्लॉस

एक फजिती सांगतो, पण आमच्या मराठी मंडळात कुणाजवळ बोलू नका. तिथे या प्रकरणामुळे मला मोठ्या मनाचा माणूस समजतात.

माझा जन्म कोलकात्याचा. फोटो काढायचा नाद कॉलेजपासूनचा. मंडळाच्या दरवर्षीच्या प्रदर्शनात दारासमोरची मोठी भिंत माझी, हे इतकं ठरलेलं की कुणी विचारायचंसुद्धा नाही. आणि यंदा सेक्रेटरीणबाईंनी ती भिंत सबनीसांना दिली.

सबनीस म्हणजे नागपूरहून बदलून आलेले, खिदिरपूरला बंदराच्या कचेरीत. येऊन आठ महिने झालेले. त्यांनी गोदीतल्या क्रेनचा फोटो काढला होता, धुक्यातला. तो मोबाइलवर बघून माझी बायको सुमेधा म्हणाली, "काय नजर आहे हो माणसाला." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या नजरेबद्दल ती एकदाही बोललेली नाही. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्यात सबनीसांचाच फोन. चार फुटी प्रिंट काढायचीय, बंगाली येत नाही, दुकानात बरोबर याल का? आता नाही कसं म्हणणार? गेलो.

दुकानदार, घोषबाबू, चांगला माणूस. एवढ्या मोठ्या प्रिंटवर एक पारदर्शक फिल्म चिकटवतात, लॅमिनेट. त्याचे दोन नमुने त्यांनी पुढ्यात ठेवले. एक मॅट, मंद, राख फासल्यासारखा. दुसरा ग्लॉस, आरशासारखा लखलखीत. सबनीसांचा हात सरळ ग्लॉसकडे गेला. तेव्हा घोषबाबू मला म्हणाले, "ग्लॉस निले खूब चकचक कोरबे, दादा."

खूप चकाकेल! मोठी भिंत यांची, क्रेन यांची, वर चकाकीही यांचीच? घोषबाबू पुढे हॉल, दिवे असं काहीतरी सांगू लागले होते. मी त्यांना मध्येच थांबवलं. बंगाली काय मला शिकवायचंय?

सबनीसांनी विचारलं, काय म्हणतायत? मी शांतपणे सांगितलं, तुमच्या फोटोला मॅटच घ्या म्हणतायत. ते जरा हिरमुसले, पण ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन बागबाजारच्या घाटाचा माझा फोटो ग्लॉसमध्ये करून आणला.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी हॉलमधले सगळे दिवे लागले आणि माझा घाट गेला. अक्षरशः दिसेना. फोटोत ओळीने सहा ट्यूबलाइट, एक पंखा आणि समोर बटाटेवडा खाणारे लोक. डावीकडून बघा, उजवीकडून बघा, तेच. मंडळातल्या जुन्या लिमयेकाकू फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, निदान यांना तरी आवडला. जवळ गेलो, तर त्या टिकली सरळ करत होत्या.

आणि समोर सबनीसांची क्रेन. उजेडाचा एक ठिपका नाही तिच्यावर. धुकं हाताला लागेल असं वाटत होतं. फोटो नव्हे, चित्रच म्हणत होते लोक. सुमेधा तिथून हलायला तयार नाही.

आपली प्रिंट कशी दिसते ते बघायला घोषबाबूही आले होते. माझ्या फोटोकडे बघून हळहळले. हॉलमध्ये दिवे असतील तर ग्लॉस डोळ्यांवर चकाकतो, हेच ते मला त्या दिवशी सांगत होते म्हणे.

तेवढ्यात सबनीसांनी माइक घेतला. म्हणाले, "मी चुकीचं लॅमिनेट घेणार होतो. दुकानदाराचं म्हणणं सांगून यांनी मला अडवलं. मला योग्य ते दिलं आणि स्वतः मात्र उरलेलं घेतलं. असा माणूस मी पाहिला नाही." टाळ्या पडल्या. सेक्रेटरीणबाईंनी डोळे पुसले. मी हात जोडून उभा. दुसरं काय करणार होतो?

घरी परतताना ऑटोत सुमेधाने विचारलं, खरंच तुम्हाला ठाऊक होतं, त्यांना मॅट शोभेल ते? सव्वीस वर्षांच्या बायकोशी खोटं कुठवर टिकणार? सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "म्हणजे आयुष्यात एकदा कुणाचं वाईट करायला गेलात, तेही तुम्हाला जमलं नाही."