आवडाबाईंच्या टीव्हीवरचं लग्न

शेलूबाजारात भागवतचा फोटो स्टुडिओ माझ्या कटलरीच्या दुकानाला लागून आहे. त्यामुळे त्याचं शहाणपण मला रोज फुकटात ऐकावं लागतं. माणूस कामाचा पक्का, पण नव्याचा भारी सोस. यंदा त्याला एच-२६५ चं वेड लागलं. व्हिडिओ आवळून ठेवायची ही नवी रीत. चित्र तितकंच स्वच्छ आणि फाइल निम्मी, म्हणून गडी खूश. गिऱ्हाइकाच्या घरी टीव्ही कोणता, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही.

गावाबाहेर मळा करणाऱ्या आवडाबाईंच्या रुचिकाचं लग्न त्यानेच शूट केलं. आमच्याकडे अक्षता पडताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. आवडाबाई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसल्या होत्या. पोरीचं लग्न त्यांना दिसणार होतं ते या फिल्ममध्येच.

भागवत पेन ड्राइव्ह घेऊन निघाला, मीही सोबत गेलो. टीव्हीवर मंगलाष्टकं सुरू झाली, पण पडदा काळाच. त्याने लॅपटॉपवर एमकेव्हीचं एमपी-फोर केलं. म्हणजे डबा बदलला, आतली भाजी तीच. पुन्हा नुसता आवाज.

"मावशी, टीव्ही लय जुना झाला तुमचा," भागवत म्हणाला. मला त्याचा रागच आला.

आवडाबाई शांतपणे म्हणाल्या, "आवाज त मी तवाबी आयकला, बाबू. तुयशीपाशी बसून. आता मले पोरगी पाह्यची हाय."

भागवतचं तोंड एवढंसं झालं. स्टुडिओत येऊन त्याने अख्खी फिल्म जुन्या एच-२६४ मध्ये पुन्हा बनवायला लावली. कॉम्प्युटर दुपारभर घरघरत होता. फाइल दुप्पट झाली, तरी त्याने कुरकुर केली नाही.

संध्याकाळी पुन्हा गेलो. या वेळी चित्र आलं. रुचिका अंतरपाटाआड उभी होती, पण तिची मान सारखी मागच्या अंगणाच्या दाराकडे वळत होती.

"हे मी काटनारच होतो," भागवत ओशाळून म्हणाला. "नवरी कॅमेऱ्याकडं पाहूनच नाही राह्यली."

आवडाबाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्या सरकत सरकत टीव्हीपाशी गेल्या आणि हसून पडद्यालाच म्हणाल्या, "हाओ माय, अठीच हाय मी."