एकाच अक्षरातल्या अकरा चिठ्ठ्या

जाफराबादच्या शाळेतून निवृत्त झाले आणि मुलींच्या एका बालगृहाच्या समितीवर माझी वर्णी लागली. महिन्यातून एकदा एसटीने जालन्याला जायचं, सगळ्यांसमोर तक्रारपेटी उघडायची, चिठ्ठ्या निघाल्या तर वहीत उतरवायच्या, सही करायची. पहिले काही महिने पेटी रिकामीच असायची. आम्ही चहा पिऊन परत.

मग एका महिन्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या, अकराही एकाच अक्षरात. अधीक्षिकाबाईंनी अक्षर लगेच ओळखलं. तिथली सगळ्यात मोठी, यंदा दहावीत गेलेली मुलगी. "लहान पोरींच्या नावाखाली हीच लिहिते. हिला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं की सगळं शांत होईल," त्या म्हणाल्या. ऐन दहावीत शाळा सुटेल, असं कुणीतरी पुटपुटलं. तासभर चर्चा झाली आणि तिला हलवण्याची शिफारस करायचं ठरलं. पत्र तयार झालं, सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली.

पत्र दुसऱ्या दिवशी जाणार होतं. बाकीचे निघून गेले आणि चिठ्ठ्या उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला एक खोड आहे. कागद नुसता उतरवून होत नाही, लिहिणारा कसा बोलत असेल ते ऐकावंसं वाटतं. आयुष्यभर मुलींचे निबंध तपासले. एकीने दहाजणींचे निबंध लिहून दिले, तर दहाही निबंधांत तीच एक बोलते, हे मला पाठ आहे. इथे उलटंच होतं. अक्षर एक आणि बोलणाऱ्या कितीतरी. "वरणात निस्तं पाणी राह्यतंय." "न्हाणीची कडी लागत न्हाई, जल्दी बसवा." "माझी माय अंकुशनगरला ऊस तोडून राह्यली, तिला फोन लावून द्या, मी रडणार न्हाई." हे शेवटचं कुठली दहावीतली मुलगी मनाने रचील?

नववी चिठ्ठी वाचून मी थांबलेच. "ताई येणी घालताना केसं वढती. रडलं की पाठीत चापट देती. तिला रागवा."

ही ताई कोण, म्हणून मी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं. "कोण म्हंजी? जिला तुम्ही पाठवून राह्यले तीच की. लहान्या पोरींची येणी तीच घालती," मावशी म्हणाल्या. मला हसू फुटलं. स्वतःवरची तक्रार पोरीने स्वतःच्याच हाताने, पार चापटीसकट लिहून पेटीत टाकली होती.

चिठ्ठी घेऊन मी अधीक्षिकाबाईंकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली. बाई तशा वाईट नव्हत्या, चिठ्ठ्यांनी घाबरल्या होत्या. "पत्र राहू द्या मग. मी सगळ्यांना फोन करते," त्या म्हणाल्या आणि ते फायलीतून काढून माझ्या हातात दिलं.

मुलगी बाहेर व्हरांड्यात बसली होती. तुला कुठे जायचं नाही, असं मी सांगितलं. पण माझी चौकशी संपत नव्हती.

"स्वतःवरची तक्रार का लिहिलीस गं?"

"तिला लिहिता येत न्हाई, बाई. आन् मारल्तं मी तिला."

"मग या अकरांत तुझी स्वतःची कुठली?"

"एक बी न्हाई. आता लिहिली तं म्हणतील, हे बी हिचंच अक्षर."

मी वही उघडली, पेन काढलं. "तू सांग, मी लिहिते."

ती सरकून वहीजवळ आली. मग लहान मुलीला शुद्धलेखनाचे शब्द घालावेत तशी सावकाश सांगू लागली. "लिहा. मला पाठवायचं ठरवून राह्यल्ते तव्हा मी दाराच्या भाईरच बसल्ते. कोणी आत बोलावून इचारलं न्हाई."

मला फार लाज वाटली. तिने सांगितलं तसंच मी उतरवलं. पुढचा रकाना होता, तक्रार कोणाविरुद्ध. समितीतल्या सगळ्यांची नावं घालायची होती. सुरुवात माझ्यापासून केली.