खिडकीबाहेरची मालिका

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका दुपारी, माझी मुलगी पलंगावर लोळत मोबाइल बघत होती. मी खाली चटईवर गहू निवडत बसले होते. अचानक मोबाइलमधून ती धून वाजली. आधी सनई, मग घोड्याच्या टापांसारखा ढोल, मग पंधरा-वीस जणांचा एकदम चढत गेलेला आवाज. माझ्या लहानपणी रविवारी सकाळी राजा-राणीची एक मालिका लागायची, तिची ही सुरुवातीची धून.

"मम्मी, तुमच्या वेळचं आहे न हे?" मुलगी म्हणाली. "लोकांनी खाली काय काय लिहिलंय बघ. कुणाला आजी आठवली, कुणाला गाव आठवलं. एकानं तर लिहिलंय की मी रडलो."

"हं."

"तुला काय आठवलं?"

मला एक पोरगी आठवली होती आणि इतक्या वर्षांनीही मी तिच्यावर तशीच जळले होते. पण हे मुलीला एकदम कसं सांगायचं? मी गहू निवडत राहिले. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा सांगायला सुरुवात केली. वीस वर्षं शाळेत शिकवतेय, पण ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नव्हती. तिच्यात मी चांगली दिसत नाही.

माझे बाबा वनपाल होते. एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावात आम्हाला सरकारी क्वार्टर होतं. दोन खोल्या, पुढे छपरी आणि छपरीकडे उघडणारी एक मोठी खिडकी. गावात निम्म्याच्या वर माडिया आदिवासी कुटुंबं, बाकी धानाची शेती करणारी, आमच्यासारखी मराठी बोलणारी माणसं. मी चौथीत असताना बाबांनी टीव्ही आणला. काळा-पांढरा, छोटासा. चंद्रपूरहून अख्खा रस्ता एसटीत मांडीवर घेऊन आले होते. उतरले तेव्हा त्यांना पाय सरळ करता येईनात. उंच बांबू तोडून त्यावर अँटेना बांधला. लाइन गेली की जीपची जुनी बॅटरी लावायची. चित्र कमी आणि मुंग्याच जास्त दिसायच्या, पण गावात तेवढा एकच टीव्ही होता आणि तो आमचा होता.

रविवारी सकाळी घर भरून जायचं. कोण पुढे बसणार, कोण मागे, हे मी ठरवायचे. ज्यानं शाळेत मला पेन्सिल दिली तो पुढे. जिनं चिडवलं ती दाराजवळ. मला राणीसारखंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्याच वर्गातली एक माडिया पोरगी छपरीत खिडकीशी उभी राहून बघायची. तिची आई पहाटेच मोह वेचायला जायची, म्हणून धाकटा भाऊ कायम तिच्या कडेवर. किडकिडीत होती, आवाज घोगरा. आत जागा नव्हती असं मी पुढे स्वतःला सांगत आले. जागा करता आली असती. मी तिला कधी आत बोलावलं नाही, एवढंच खरं.

पहिला भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेमागच्या चिंचेखाली गेले. सगळ्यांना मालिका सांगायची असं ठरवूनच गेले होते. टीव्ही आमचा, तेव्हा सांगणारी मीच. बघते तर तिथं आधीच घोळका. मधे ती उभी. तोंडानं सनई वाजवत होती, हातानं पाटीवर टापा देत होती. धून जशीच्या तशी. शेवटचा चढता आवाज तर तिनं सगळ्या पोट्ट्यांकडून काढून घेतला. मग ती बोलायला लागली. एक वाक्य माडियात, तेच मराठीत. टीव्हीवरचं हिंदी तिला अर्धंच कळलं असणार, कारण बाकीचं अर्धं ती स्वतः घालत होती. मालिकेत राजाचा महाल कुठल्या तरी वाळवंटात होता. हिचा राजा आमच्या तिथल्याच सूरजागडच्या डोंगरावर राहत होता. मालिकेतल्या राणीला बुरुजात कोंडलं होतं. हिची राणी बुरुजातून पळाली, जंगलात शिरली, कंद उकरून खाऊ लागली.

"अशी नाई ते!" मी ओरडले. "राणी बुरुजातच हाये. मी पाह्यलं न!"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि थांबली. तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "तू चूप राय व. तुले सांगता येत नाई. तिले सांगू दे."

"मले काऊन नाई येत? टीव्ही कोनाचा हाये?"

"मग सांग."

सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं. राजा आला. मग राणी रडली. मग प्रधान आला. मग राजा गेला. दोन मिनिटांत संपलं. कुणीतरी जांभई दिली. घंटा व्हायला वेळ होता, तरी पोरं चिंचा पाडायला निघून गेली. ती मात्र तिथंच उभी होती. मला म्हणाली, "बरोबर सांगितलं तू." त्यामुळे मला आणखीच राग आला.

दर सोमवारी हेच. मी रविवारी अगदी समोर बसून, डोळे न मिटता बघायचे आणि सोमवारी घोळक्याच्या कडेला उभी राहून तिचं ऐकायचे. पण खरा घाव आमच्याच घरात बसला. आईला मालिका कधी बघायलाच मिळायची नाही. घर माणसांनी भरलेलं, बाबांचे पाहुणे, आणि तेव्हाच सैपाकाची वेळ. एक दिवस शाळेतून घरी आले तर मागच्या दाराच्या पायरीवर ती बसलेली. आई सुपात तांदूळ घेऊन पाखडायचं विसरली होती. ती प्रधानाची नक्कल करत होती, आणि आई हसत होती, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या आईला मी तसं हसताना बघितलं नव्हतं.

"सांग व माय, पुढं सांग," आई तिला म्हणाली. "तू सांगतं तं मले समोर दिसते."

मी दप्तर आपटलं. "आई, मले भूक लागली."

"घे न हातानं. भात हाये गंजात."

मी भात घेतला नाही. आईनं मला कधीच विचारलं नव्हतं की आज काय दाखवलं ग.

पुढच्या रविवारी मालिका सुरू व्हायच्या आधी मी बाबांना म्हटलं, "खिडकीतून उजेड पडते टीव्हीवर. दिसत नाई."

"कर मग बंद," बाबा म्हणाले.

मी उठले आणि खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली. ती समोरच होती, भाऊ कडेवर. मी तिच्याकडे बघितलं नाही. कडी लावली. मग ती धून वाजली आणि त्या दिवशी मला ती सगळ्यात गोड लागली.

तीन रविवार खिडकी बंद राहिली. आता सोमवारी तिच्याजवळ सांगायला काय असणार? पण पहिल्याच सोमवारी चिंचेखाली घोळका तसाच. पाटीवर टापा, सनई, आणि गोष्ट पुढे चाललेली. राणी नदीवर आली होती. नदीला पूर होता आणि नावाडी म्हणत होता की तुझ्या गळ्यातला हार दे, मगच नेतो. राणी म्हणाली, हार देते, पण आधी त्या काठावर ने. नावाड्यानं नेलं. तिकडे उतरल्यावर राणीनं हार दिला, तर तो मण्यांचा निघाला. सोन्याचा तिनं महालातच फेकून दिला होता. पोरं खिदळत होती. मालिकेत नदी नव्हतीच. नावाडीही नव्हता.

दोन सोमवार मी गप्प राहिले. तिसऱ्या सोमवारी माझ्याच्यानं राहवेना. मधे घुसून मी म्हटलं, "ही खोटं सांगून राह्यली! इनं पाह्यलंच नाई. खिडकी बंद होती. इचारा तिले!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. मला वाटलं, आता ही रडेल.

ती म्हणाली, "हो. खिडकी बंद होती. मले आवाज येत होता बाहेर. बाकी मीच केलं."

मग ज्या मुलानं मला पहिल्या दिवशी चूप राहायला सांगितलं होतं, तोच म्हणाला, "बरं. मग नावाड्याचं काय झालं?"

आणि ती पुढे सांगू लागली.

त्या दिवसापासून मला कळलं की खिडकी उघडी काय अन् बंद काय, सारखंच. मी ती उघडून टाकली, पण ती पोरगी तिथं परत बघायला आली नाही. तिला गरजच उरली नव्हती. वाईट म्हणजे मलाही तिचीच गोष्ट हवीशी वाटू लागली. रविवारी टीव्हीसमोर बसून मी वाट बघायचे की राणी आता नदीवर येईल. राणी बुरुजात बसून रडतच असायची. मला तिचा कंटाळा यायचा. तरी तोंडानं मी कधी कबूल केलं नाही. घोळक्यात उभी राहायचे, चेहरा वाकडा करून, एक शब्दही न चुकवता.

त्या पावसाळ्याआधी बाबांची बदली झाली आणि आम्ही चंद्रपूरला आलो. निघायच्या दिवशी ती छपरीत आली होती. सामान ट्रकमध्ये चढत होतं. तिनं विचारलं, "टीव्ही पन जाते का?"

"मग? ठेवून जाईन काय?"

ती आईकडे वळली. आईला पानाच्या द्रोणात चारोळी देऊन गेली. माझ्या हातात नाही, आईच्या. चंद्रपूरपर्यंत आई त्या चारोळीतली एकेक खात होती आणि म्हणत होती, "किती गुनाची पोरगी." मी खिडकीबाहेर बघत होते.

एवढं सांगून होईपर्यंत गहू तसेच राहिले होते. मुलगी पलंगावरून उतरून माझ्यासमोर येऊन बसली होती. "मग ती आता कुठे आहे?"

"तिथंच. अंगणवाडीत आहे, असं ऐकलं मागे एकदा."

"चल न मम्मी. जाऊ."

मी नाही म्हटलं. ऊन आहे म्हटलं, रस्ता खराब आहे म्हटलं. आठ दिवसांनी आम्ही आलापल्लीच्या एसटीत बसलो होतो. पुढच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची रांग होती आणि दोन्ही बाजूंची सागाची पानं लाल धुळीनं माखली होती. आमचं क्वार्टर आता नव्हतं. तिथं नवी इमारत झाली होती. तिचं घर मात्र एका बाईनं लगेच दाखवलं.

ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "टीव्हीवाली!" आवाज तसाच घोगरा.

चहा झाला. तिची आई गेली, माझे बाबा गेले, माझी आई आहे पण गुडघे धरलेत, हे सगळं बोलून झालं. मग मुलीनं मोबाइल काढला आणि विचारल्याशिवाय ती धून लावली. हिनं ऐकली. बोटं मांडीवर आपोआप टापा देऊ लागली.

मी म्हटलं, "खिडकी मी बंद केली होती. उजेडाचं काही नव्हतं."

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "तुझा हातच दिसला न. लय राग आला होता. म्हनून तं सांगत राह्यली. म्हटलं, पाहू, कशी बंद करते."

"मी जळत होते तुझ्यावर."

"अन् मी नव्हती का जळत? तुझ्या घरी टीव्ही, तुले आंग धुवाले गरम पानी, बाप एसटीतून खाऊ आनते." ती हसली, पण थोडंसंच. "तुझी माय मात्र चांगली होती."

मुलीनं विचारलं, "मावशी, त्या राणीचं शेवटी काय झालं?"

"आयकतं? बस मग."

माझी मुलगी मातीत मांडी घालून बसली. मोबाइल बाजूला पडला होता. हनुवटी तळहातांवर, डोळे तिच्या तोंडाकडे. ती सांगत होती आणि मी ऐकण्याऐवजी मुलीकडे बघत होते. लहानपणी झोपवताना मी तिला कितीतरी गोष्टी सांगितल्या. ती मधेच म्हणायची, आता बस मम्मी. शाळेत तिसरीची मुलं माझी गोष्ट संपण्याआधी डबे उघडतात. आणि इथं ही बाई मोहफुलं उलटी करता करता बोलत होती आणि माझ्या पोरीला पाणी प्यायचीही आठवण राहिली नव्हती. मला वाटलं होतं, कबूल केलं की ते जळणं संपेल. संपलं नाही. पन्नाशीला आलेली बाई मी, त्या अंगणात बसून चौथीतल्या पोरीसारखी धुमसत होते.

राणीनं शेवटी काय केलं ते लिहीत नाही. ते तिनं माझ्या मुलीला सांगितलं.

निघताना तिनं मुलीचा नंबर घेतला. म्हणाली, "तुझ्या मायले सुट्टी नाई भेटली तं तू एकटी ये. आनखी गोष्टी हायेत."

"नक्की येईन मावशी."

परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. आलापल्ली गेल्यावर म्हणाली, "किती भारी सांगते न ती."

"हो," मी म्हटलं. आणि मग, न विचारायचं ठरवूनही, विचारलंच, "एकटी जाशील?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. हसू दाबत म्हणाली, "तू येणार असशील तर दिवाळीच्या सुट्टीत जाऊ."

"बघू," मी म्हटलं, आणि दिवाळी कोणत्या तारखेला आहे ते तिच्या नकळत मोबाइलमध्ये शोधू लागले.