कडुबामामांची भित्री चेन

हर्सूलला मी कडुबामामांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मराठीत एम.ए. केलंय म्हणून मामा मला कवी म्हणतात. मी एकही कविता लिहिलेली नाही. हे त्यांना सांगून झालं आहे.

मामा झाडं कापतात. वादळात पडलेली, तारांवर आलेली, भिंतीत मुळं घुसवणारी. आधी ते एका लाकडाच्या वखारीत होते. वखार बंद झाली तेव्हा मालकानं शाल-नारळाऐवजी पेट्रोलवर चालणारं करवतीचं मशीन हातात ठेवलं. तेव्हाही ते जुनंच होतं. दोरी ओढली की आधी खोकतं, मग सगळी गल्ली उठवतं. मामा त्याला 'आमचं म्हातारं' म्हणतात. कुणी त्याला भंगार म्हणालं तर त्या घरचा चहा घेत नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात चालता चालता त्याची चेन तुटली आणि मामांच्या पँटचा पाय फाडून गेली. कातडीला ओरखडा नाही. मामा हसत घरी आले. लीलामामींनी पँट शिवली, घडी घातली आणि म्हणाल्या, "पँट शिवली म्या. पाय कोण शिवंल?"

मामांनी तेही हसण्यावारी नेलं.

खंडेनवमीला घरातली हत्यारं अंगणात मांडून पुजतात. पूजा न झालेलं हत्यार मामा वर्षभर हातात धरत नाहीत. हे मामींना माहीत होतं. नवमीला आठवडा राहिला असताना त्यांनी जाहीर केलं, "विळ्याला कुंकू लावीन, कुऱ्हाडीला लावीन. म्हाताऱ्याला ब्रेक बसल्याबिगर लावणार नाय."

"अगं, त्याला जन्मापासून ब्रेक नाय."

"मग आता बसवा. नायतर बसा घरी."

आम्ही जिन्सीत मुसाभाईंच्या वर्कशॉपला गेलो. मुसाभाईंनी मशीन उलटंपालटं करून पाहिलं.

"कडुबा, तेरे हात अब तक कैसे सलामत हैं, मियाँ?"

"हात माझे हायेत म्हणून."

"हौ हौ, घर पे भी ऐसाइच बोलता क्या?"

मुसाभाईंनी त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचं झाकण शोधून काढलं. त्याला पुढं हाताच्या पंजाएवढी ढाल होती. मशीन उसळलं की ढाल मनगटावर आपटते आणि चेन जागीच थांबते. चेन तुटलीच तर हातावर येऊ नये म्हणून खाली एक खुंटीही बसवली. मग नवी चेन. तिच्या दातांमध्ये गोल उंचवटे होते. ते दाताला एकदम खोल घुसू देत नाहीत, म्हणून मशीन कमी उसळतं.

घरी आल्यावर मामांनी बाभळीचं एक लाकूड कापून पाहिलं. तोंड वाकडं केलं.

"भित्री हाय ही चेन. लाकडाला इचारून कापती."

"मग इचारू द्या की," मामी म्हणाल्या. नवमीला त्यांनी मशीनला कुंकू लावलं. ढालीला जरा जास्तच लावलं.

दसऱ्यानंतर मामा ओट्यावर कानस घेऊन बसले. चेनला धार लावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मला वाटलं, धारच लावताहेत. ते उंचवटे घासून काढत होते. एकेक करून सगळे.

"आता बघ कशी पळती," म्हणाले.

आणि पळाली. परतीच्या पावसात जटवाडा रोडला एका फाटकावर सुबाभूळ आडवी झाली होती. मी दोर धरायला गेलो होतो. मामा फांद्या लोण्यासारख्या कापत होते. अधूनमधून माझ्याकडं बघून भुवई उडवत होते. पानांच्या आड अजून एक फांदी होती. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक तिला लागलं.

मशीन उसळलं. सरळ मामांच्या तोंडावर.

ढाल मनगटावर आपटली. चेन थांबली. इंजिन धडधडत होतं आणि दात मामांच्या गळ्यापाशी गप्प होते. मध्ये बोटभर जागा असेल.

मामांनी मशीन बंद केलं. फाटकापाशी खाली बसले. म्हणाले, "कवी, पाणी दे रे."

वाटेत मला वाटलं, ते म्हणतील, मामीला सांगू नको. पण घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच चेन काढून मामींपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. मनगट सुजलं होतं. मामींनी चेनवरून अंगठा फिरवला.

"सपाट केलं सगळं?"

"व्हय."

"आन तो ब्रेक नसता तर?"

मामी उठल्या, आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. डोळे पुसलेले दिसत होते.

"उद्या तशीच नवी आणा. आन कानस माझ्याकडं द्या. आजपून धार मी लावणार."

मामा नवी चेन घेऊन आले. तीही तशीच, उंचवट्यांची. मामी ओट्यावर बसल्या. मामा शेजारी उकिडवे बसून कानस कशी धरायची, दाताला कोणत्या कलानं लावायची, ते दाखवू लागले. मामी सावकाश घासत होत्या. मध्येच थांबून त्यांनी एका उंचवट्यावर बोट ठेवलं.

"आन ह्याचं काय करायचं?"

"त्याला हात नाय लावायचा," मामा गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "लई कामाचा असतो तो."