चिंचोक्याचं मत

आमच्या क्लबातला वर्षाचा सगळ्यात चांगला खेळाडू कोण, हे कोच ठरवायचा नाही. आम्हाला कोच नव्हताच. ते ठरवायचे बघे, बहुतेक बाजारातले व्यापारी. उन्हाळा सरत आला की एका रविवारी शाळेच्या व्हरांड्यात गोड्या तेलाचे अकरा रिकामे डबे ओळीनं मांडले जायचे. प्रत्येक डब्यावर चुन्यानं खेळाडूचा नंबर, आणि समोर सतरंजीचा आडोसा. बघ्यांना दारातच एकेक चिंचोका मिळायचा. आत जायचं, मनातल्या खेळाडूच्या डब्यात तो टाकायचा आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. एवढं झालं की डबे तोलायचे. हो, मतं आम्ही मोजत नव्हतो, तोलत होतो. क्लबाचे सेक्रेटरी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत दुकान चालवायचे. चिंचोकेही त्यांच्याच दुकानातले, तराजूही तिथलाच. मोजत बसणं हे त्यांच्या मते ज्याच्याकडे तराजू नाही अशा माणसाचं काम होतं.

मी नऊ नंबर, फॉरवर्ड. सलग दोन वर्षं कप माझ्या घरी आला होता. कप कसला, एक कान तुटलेलं पांढऱ्या धातूचं भांडं ते. पण दोन वर्षं तो मी रोज पुसायचो, आणि गल्लीतून जाताना माझी मान जरा ताठ असायची. खोटं कशाला बोलू, मला शिंगं फुटली होती.

वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते तहसिलात कारकून होते आणि लातूरचा नवा जिल्हा झाल्यावर कलेक्टर कचेरीत गेले. नियमाचा माणूस. निवडणुकीच्या ड्युटीवर असले की सख्ख्या भावालाही ओळख दाखवायचे नाहीत. माझी एकही मॅच त्यांनी पाहिली नव्हती. बी. ए. होऊन मी घरी बसलोय आणि संध्याकाळी चड्डी घालून पळतोय, हे त्यांना बघवत नव्हतं. त्या वर्षी होळी झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"यंदा कप आला तर अजून एक वर्ष खेळ. मी काही बोलणार न्हाई. न्हाई आला तर जूनमधे नांदेडला मामाकडं जायचं, टायपिंग लावायचं अन् रेल्वेच्या परीक्षेला बसायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो, आणि मनातल्या मनात हसलो. नांदेड मला वाईट वाटायचं असं नाही. मामा प्रेमळ, मामीच्या हातची चव न्यारी. पण तिथं माझा क्लब नव्हता. फुटबॉल सोडून मी कोण, याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि त्या वयात ते शोधायची माझी तयारीही नव्हती.

ते साल दुष्काळाचं. बाहेरचे संघ येईनात, कारण पाहुण्यांना खेळून झाल्यावर हातपाय धुवायला पाणी कुठून द्यायचं? त्यात नवा जिल्हा म्हणून सरकारी बांधकामं निघालेली. आमच्या मैदानाच्या पश्चिमेला खडीचे आणि विटांचे ढीग येऊन पडले, आणि तिकडचा गोल त्याखाली गेला. राहिला एकच, पूर्वेचा. मग रोज संध्याकाळी आम्ही फॉरवर्ड त्या एकाच गोलवर हल्ला करायचो आणि आमचाच गोलकीपर तो अडवायचा. एवढाच काय तो त्या वर्षीचा फुटबॉल.

गोलकीपर डाळमिलमध्ये हमाल होता. दिवसभर पोती झेलायची आणि संध्याकाळी बॉल झेलायचा. बोलणं जवळपास नाहीच. माझी किक थोपवली की तो आधी मागं वळून बघायचा, मग बॉल परत टाकायचा. हा घाबरून मागं बघतो अशी माझी समजूत होती, आणि तसं मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

त्याच्या मागं पाण्याचा टँकर यायचा. येईल तेव्हा येईल, म्हणून बायका दुपारपासूनच गोलच्या मागं हंडे, कळश्या, घागरी ओळीनं मांडून नंबर लावायच्या. सगळ्या गल्ल्यांच्या बायका त्या एका ओळीत. टँकर येऊन गेल्यावरही भरलेली भांडी तिथंच असायची, कारण एका खेपेत दोनच हंडे नेता यायचे. तोवर बसून करणार काय? त्या आमचा खेळ बघायच्या. आणि माझ्या प्रत्येक किकला ओरडायच्या! मी लांबून पळत यायचो, पाय उचलायचो, आणि तिकडून एकच गिल्ला. शब्द काही कळायचे नाहीत, धूळ आणि वारा फार. पण गोलकीपरनं बॉल धरला की त्या गप्प व्हायच्या. बिचाऱ्या हिरमुसतात, असं मला वाटायचं. म्हणून मी हात उंचावून त्यांना सलाम करायचो. त्यावर तर आणखी जोरात आरडाओरडा व्हायचा. लेका, काय लोकप्रियता आहे, असं मी स्वतःलाच म्हणायचो.

मतदानाच्या आधी आठ दिवस त्या बायकांमधली एक मावशी सेक्रेटरींच्या दुकानात गेली. रोज ओळीत पहिला नंबर तिचा, आणि आवाज असा की टँकरवाला हॉर्न वाजवायचं विसरून जाई.

"आमाला बी चिंचुके पायजेत," ती म्हणाली. "रोज बघतोय आमी. तुमच्या येपाऱ्यांतलं कोन आलं हुतं यंदा?"

क्लबाची बैठक बसली. दोघंतिघं कुरकुरले. आजवर बायकांनी मत टाकलं नव्हतं, आणि फुटबॉलमधलं त्यांना काय कळतं, वगैरे. तेव्हा मी उठलो. आपल्या क्लबाचा नियम काय, मी विचारलं, ज्यानं खेळ बघितला त्यानं मत द्यावं, हाच ना? मग यंदा त्यांच्याशिवाय बघितलंय कुणी? स्त्रियांच्या हक्कावर मी असा काही बोललो की सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. माझ्या आयुष्यातलं एवढं उदात्त भाषण ते पहिलं आणि शेवटचं. साठेक मतं एकगठ्ठा माझ्या डब्यात पडणार याची मला खात्री होती, हे अर्थातच मी भाषणात घातलं नाही. ठराव पास झाला. गोलकीपर कोपऱ्यात बसून नखं बघत होता.

रविवार उजाडला. अण्णाही आले, इस्त्रीचा सदरा घालून. बोली केली होती, तिचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. दारात सेक्रेटरींनी आदरानं त्यांच्या हातावरही एक चिंचोका ठेवला. मी आवाजावर कान लावून बसलो. रिकाम्या डब्यात पहिला चिंचोका पडला की टण्ण वाजतं, डबा भरत गेला की आवाज बसत जातो. बायका आत गेल्या. टण्ण, टण्ण, टण्ण. आवाज डाव्या टोकाकडून येत होता. माझा डबा उजवीकडे होता. व्हरांड्यात आवाज घुमतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सतरंजी बाजूला झाली. तराजूच्या एका पारड्यात एक नंबरचा, म्हणजे गोलकीपरचा, डबा ठेवला, दुसऱ्यात माझा. माझं पारडं सरळ वर गेलं. इतकं वर, की सेक्रेटरींनी दोरी कुठं अडकली का ते बघितलं.

"मत तोलायचं नसतं, मोजायचं असतं," अण्णा म्हणाले. "चिंचोका बारका-मोठा असतो."

मला पुन्हा आशा वाटली. अण्णांच्या देखरेखीखाली मोजणी झाली, दोनदा. गोलकीपरला एकसष्ट, मला सात. तोलण्यात हरलो असतो तर थोडी तरी झाकली मूठ राहिली असती. सातांतला एक चिंचोका तर किडका होता.

माझा पारा चढला. "मावशी, रोज माझ्या नावानं ओरडायच्या तुम्ही, अन् मत त्याला?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. "तुझ्या नावानंच वरडायचो की! आरं मुडद्या, हंडे हायत, हंडे हायत, असं वरडायचो. तू मारायचास अन् आमचा जीव वर. माझी कळशी चेमटवलीस, हिची भरली घागर लवंडलीस. वर हात करून हासतूस आनि! ह्या लेकरानं किती हंडे वाचवले ते इचार. दोन घंटे उभं ऱ्हाऊन पानी भरावं अन् तुझ्या एका लाथंत जावं व्हय रं?"

सगळा व्हरांडा हसायला लागला. मी गोलकीपरकडे बघितलं. तो जन्मात पहिल्यांदा एवढं लांबलचक बोलला: "बॉल गेला तर गोल व्हतो, त्याचं काय न्हाई. पानी सांडलं तर काय करावं?"

म्हणजे तो मागं बघायचा ते हंडे शाबूत आहेत की नाहीत हे बघायला. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि एकदा आल्यावर ते आवरेना. गोलकीपरला आम्ही खांद्यावर घेतलं. कप त्याच्या हातात दिला तो मीच. त्यानं तो उलटा करून बुडाला भोक नाही ना ते तपासलं, आणि बायका परत हसल्या.

सगळं झाल्यावर मात्र अण्णा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. बोली ती बोली.

"नांदेडला पत्र टाकतो," मी म्हणालो.

मावशी कान टवकारूनच होती. "नांदेडला? कशापायी?"

अण्णांनी दोन वाक्यांत बोली सांगितली. मावशीनं कमरेवर हात ठेवले. "सायेब, ह्याला धाडू नका. ह्यो मारना झाला तर त्यो अडवील काय? अन् संध्याकाळी आमी बघावं काय, तुमची खडी?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर चिंचोका तसाच होता, घामानं चकाकत.

"टाकला न्हाई तुम्ही?" मी विचारलं.

"नियम काय तुमचा? ज्यानं बघितलं त्यानं द्यावं. मी कुठं बघितलंय? न बघता मत द्यायचं म्हणजे..." चिंचोका त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला आणि वरून गुंडी लावली. "पुढल्या वर्षी बघून टाकीन."

पुढल्या वर्षी. मला दोन-तीन श्वास लागले ते कळायला. मग मी त्यांच्या पाया पडलो, भर व्हरांड्यात, आणि ते "हां, हां, पुरे" म्हणत मागं सरकले.

नांदेडला मी गेलो, पण वर्ष उलटल्यावर. त्या वर्षात पाऊस झाला, टँकर बंद झाले, खडी उचलली गेली. कचेरी सुटली की अण्णा सायकल घेऊन थेट मैदानावर यायचे आणि गोलच्या मागं उभे राहायचे, जिथं हंडे असायचे तिथंच. मी मारायचो आणि त्यांचा आवाज यायचा, "आरं खाली ठेव की बॉल!" बावीस वर्षांत त्यांनी मला जेवढं सुनावलं नव्हतं तेवढं त्या एका वर्षात सुनावलं. मी इतका सुखात कधीच नव्हतो.

मतदानाच्या दिवशी ते रांगेत उभे राहिले, नवा चिंचोका नाकारून खिशातला काढला आणि सतरंजीआड गेले. मी कोपऱ्यातून वाकून बघितलं, नियम मोडून. ते माझ्या डब्यापुढं थांबले, अंमळ जास्तच वेळ. मग शांतपणे चालत गेले आणि चिंचोका गोलकीपरच्या डब्यात टाकला.